मॅक् फिर्बिस : एका विरळ आयरिश आडनांवाचें मूळ, विस्तार आणि तद्विषयक ग्रंथांचें परीक्षण

आयर्लंडांतील आडनांवांचा अभ्यास करणारापुढें सामान्यतः तीन प्रकारचे ग्रंथ येतात. पहिला प्रकार सरकारी गणतीचा. त्यांत रॉबर्ट मॅथेसन यांचा १८९४ चा अहवाल प्रमुख होय. दुसरा कोशांचा, त्यांत पाद्री पॅट्रिक वुल्फ यांचा १९२३ सालीं प्रसिद्ध झालेला आयरिश नामकोश आणि एडवर्ड मॅक्लायसाट यांचे १९५७ पासून पुढें निघालेले ग्रंथ येतात. तिसरा प्रकार एकेका घराण्याच्या सांगोपांग चरित्राचा. त्याचा उत्तम मासला म्हणजे नॉलिग ओ'मुरीले यांनीं डुअल्टाख मॅक् फिर्बिस या वंशावळीकारावर १९९६ सालीं प्रसिद्ध केलेला बृहद्‌ग्रंथ. या तिन्ही प्रकारांची परीक्षा एकाच आडनांवाच्या कसोटीवर करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं डुअल्टाखाच्याच घराण्याचें नांव निवडलें आहे. हें घराणें पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या वंशावळी लिहीत आलें, आणि त्याचें स्वतःचें नांव मात्र आज मूळ रूपांत जवळजवळ नामशेष झालें आहे.

प्रथम नामाची घटना पाहूं. आयरिश आडनांवें बहुधा ‘मॅक्’ म्हणजे पुत्र किंवा ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज या शब्दांनीं सुरू होतात व त्यांपुढें पूर्वजाचें नांव षष्ठींत येतें. स्थिर आडनांवांची ही चाल त्या देशांत दहाव्या-अकराव्या शतकांत रूढ झाली. युरोपांतील इतर पुष्कळ देशांहून ती जुनी आहे. पुत्रवाचक शब्द तर याहूनही प्राचीन आहे. ओघम लिपींतील शिलालेखांत तो ‘मकी’ या षष्ठ्यन्त रूपानें वारंवार येतो, कारण ते लेख ‘अमक्याच्या पुत्र तमक्याचा (दगड)’ अशा घाटाचे असतात.

आतां ‘फिर्बिस’. हा ‘फेर बिशिख’ या सामासिक नांवाचा षष्ठ्यन्त अवशेष असून त्याचा अर्थ ‘भरभराटीचा पुरुष’ असा करतात. यांतील ‘फेर’ म्हणजे पुरुष. संस्कृतज्ञांस सांगावयास नको कीं हा लॅटिन ‘विर’ आणि आपला ‘वीर’ यांचा सख्खा भाऊ. शब्दारंभींच्या मूळ वकाराचा आयरिशमध्यें फकार होतो. ‘विधवा’ या शब्दाचा तिकडील बंधुही याच नियमानें फकारानेंच सुरू होतो. म्हणून ही व्युत्पत्ति केवळ ध्वनिसाम्यावर रचलेली नाहीं. ती वर्णनियमांच्या आधारावर उभी आहे.

येथेंच एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आजच्या शुद्ध लेखनाप्रमाणें ‘मॅक्’च्या पुढें फकार मृदु होऊन उच्चारांतून लोपतो आणि बकाराचा वकार होतो, म्हणजे संपूर्ण नांव तोंडीं ‘मॅक् इर्‌विशी’ असें कांहींसें होतें. जुन्या पोथ्यांत ही मृदुत्वाची खूण नेहमींच घातलेली नसते, म्हणून लेखी रूपावरून उच्चार ठरवितां येत नाहीं. मग इंग्रजी कागदांत ‘फर्बिसी’ असा स्पष्ट फकार कोठून आला? माझ्या मतें ‘मॅक्’ गाळून केवळ उत्तरपद लिहिण्याची प्रथा पडली तेव्हां लुप्त फकार परत आला. हा तर्क ग्राह्य धरल्यास पुढें ‘फोर्ब्स’ या रूपाचा उलगडाही सोपा होतो.

आतां घराण्याकडे वळूं. मॅक् फिर्बिस हे ई फिअख्राख या कोनॉटमधील प्राचीन राजवंशाच्या शाखेपैकीं; स्लायगो परगण्यांतील टायरेरा प्रांताचे अधिपति ओ'डाउड हेही त्याच वंशाचे. ओ'डाउडांचे वंशपरंपरागत इतिहासकार हें यांचें पद होतें. नव्या अधिपतीच्या पट्टाभिषेकप्रसंगीं त्याच्या मस्तकावर दंड धरण्याचा मान यांचा होता. या विधीची हकीकत जॉन ओ'डॉनोवन यांनीं १८४४ सालीं डुअल्टाखाच्याच लेखावरून छापून प्रसिद्ध केली. लेकान येथें घराण्याची विद्याशाळा होती व सोळाव्या शतकाच्या मध्यास तेथें त्यांनीं गढीही बांधली.

या शाळेची कीर्ति पोथ्यांवर उभी आहे. ‘लेकानचा ग्रंथ’ गिल्ला ईसा मोर मॅक् फिर्बिस यानें सुमारें १३९७ ते १४१८ या काळांत आपल्या व आपल्या वंशजांच्या उपयोगासाठीं सिद्ध केला. अ‍ॅडम ओ'क्विर्निन व मुर्खा ओ'क्विंडलिस हे त्याचे साहाय्यक लेखक. पोथीसंग्राहकांस या ग्रंथाचा प्रवासही उद्बोधक वाटेल. तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत होता. दुसऱ्या जेम्स राजाच्या युद्धाच्या धामधुमींत फ्रान्सांत गेला. आणि १७८७ सालीं पॅरिसच्या आयरिश कॉलेजांतून परत येऊन रॉयल आयरिश अकॅडेमीच्या संग्रहांत दाखल झाला. पोथी शंभर वर्षांनीं परत येऊं शकते. आडनांव एकदां गेलें कीं परत येत नाहीं.

घराण्यांतील शेवटचा थोर पुरुष डुअल्टाख. त्यानें आपला ‘वंशावळींचा ग्रंथ’ १६५० सालीं गॉलवे येथील सेंट निकोलस कॉलेजांत रचला, आणि मुखपृष्ठावर रचनेचें स्थळ, काळ, कर्ता व कारण अशीं चारही अंगें नमूद केलीं. आपल्याकडील लेखकांची पुष्पिका ज्यांनीं अभ्यासिली आहे त्यांस हें वाचून समाधान वाटेल. स्थळ सांगितलें, काळ म्हणून चालू धर्मयुद्धाचा निर्देश केला, कर्ता म्हणून स्वतःचें नांव पित्याच्या व गांवाच्या नांवासह दिलें, आणि कारण म्हणून ईश्वराचें यश व सर्वांस ज्ञान हें लिहिलें. घराण्याचें नांव, गांव आणि व्यवसाय हीं तिन्ही एका ओळींत देणारा याहून भक्कम पुरावा कोणत्या सरकारी दप्तरांत मिळणार?

याच गृहस्थाचें नांव इंग्रजी कागदांत ‘डडली फर्बिसी’ आणि लॅटिन ग्रंथांत ‘डुअल्डस फिर्बिसियस’ असें येतें. डुअल्टाख याचा ‘डडली’शीं अर्थानें कांहीं संबंध नाहीं, कानास जवळचें वाटलें तें इंग्रजी नांव लावलें, एवढेंच. एका मनुष्याचीं एकाच आयुष्यांत तीन भाषांत तीन नांवें झालीं. पुढील पिढ्यांनीं त्यांतील कोणतें उचललें हें सत्ता कोणाची होती यावरून ठरलें.

नामांतराच्या कारणाविषयीं एक समज दुरुस्त करणें जरूर आहे. १४६५ च्या कायद्यानें आयरिश लोकांस गांव, रंग, धंदा किंवा अधिकार यांवरून इंग्रजी आडनांवें घेण्याची सक्ति झाली, व त्यामुळें जुनीं नांवें बुडालीं, असें सरसकट लिहिलें जातें. परंतु तो कायदा डब्लिन, मीथ, लाउथ व किल्डेअर या इंग्रजी अमलाखालील परगण्यांपुरता होता. पश्चिमेकडील स्लायगोस तो लागू नव्हता. तेथील बदल सतराव्या शतकांतील जमीनजप्तीचा व इंग्रज कारकुनांच्या लेखणीचा आहे. शिवाय मॅक्लायसाट ज्यास आकर्षण म्हणतात तो व्यापारही येथें दिसतो : विरळ नांव जवळच्या परिचित नांवाकडे ओढलें जातें. मेयो परगण्यांतील ‘ब्लोविक’चें ‘ब्लेक’ झालें तें असेंच. त्याच रीतीनें कोनॉटमध्यें ‘फर्बिसी’चें ‘फोर्ब्स’ झालें.

आणि येथेंच गणतीकारांची फसगत होते. फोर्ब्स हें मुळांत स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनशायरांतील एका स्थळावरून पडलेलें आडनांव. सर आर्थर फोर्ब्स १६२० च्या सुमारास आयर्लंडांत आला व त्याच्या घराण्यास लाँगफर्ड परगण्यांत जमीन मिळाली. कॅसल फोर्ब्स व न्यूटाउनफोर्ब्स हीं स्थलनांवें त्याचीच साक्ष देतात. १६८४ सालीं या घराण्यास ग्रॅनर्डचें अर्लपद मिळालें. अल्स्टर प्रांतांतील वसाहतीबरोबर आलेले स्कॉच फोर्ब्स वेगळेच. तेव्हां आजच्या आयर्लंडांत फोर्ब्स आडनांवाचा नकाशा काढला, तर त्यांत जमीन घेणारे आणि जमीन गमावणारे एकाच रंगांत रंगविले जातील. दुष्काळानंतर परदेशीं गेलेल्यांविषयीं तर बोलावयासच नको; अमेरिकेंतील फोर्ब्स अ‍ॅबर्डीनचा कीं लेकानचा, हें नुसतें नांव सांगूं शकत नाहीं. आपल्याकडे सर्व कुलकर्णी एका मूळ पुरुषाचे असें कोणी शहाणा मानीत नाहीं. तोच विवेक येथेंही पाहिजे.

आतां ग्रंथनिहाय गुणदोष. मॅथेसन यांचा अहवाल १८९० सालच्या जन्मनोंदींवर आधारलेला आहे. वर्षांत निदान पांच जन्म ज्या आडनांवाचे नोंदले गेले तींच आडनांवें त्यांत घेतलीं आहेत. आणि लोकसंख्येचा अंदाज काढण्यास दर ४४.८ माणसांमागें एक जन्म हें प्रमाण धरलें आहे. या हिशेबानें पांच जन्म म्हणजे सुमारें २२४ माणसें. मर्फी या आडनांवाचीं ६२ हजारांवर माणसें सांगणारें हें साधन मोठ्या आडनांवांस उत्तम आहे. परंतु दोनशेंच्या आंतील घराणें त्याच्या चाळणींतून सहज गळून पडतें. एका वर्षीं एखाद्या लहान कुळांत चारच मुलें जन्मलीं, तर तें कूळ त्या अहवालापुरतें अस्तित्वांतच नाहीं. तेव्हां मॅथेसनमध्यें नांव नाहीं म्हणून घराणें नष्ट झालें, असें अनुमान करणें न्यायशास्त्राच्या दृष्टीनें सदोष होय. अनुपलब्धि हा अभावाचा हेतु तेव्हांच होतो, जेव्हां असती तर वस्तु अवश्य दिसली असती. मात्र एकच मनुष्य दोन आडनांवें कशीं वापरतो याविषयीं निबंधकांकडून माहिती मिळवून त्यांनीं जें दुसरें पुस्तक केलें, तें संशोधकास या अहवालाहूनही अधिक उपयोगी आहे.

वुल्फ यांच्या कोशाचा विशेष असा कीं आयरिश रूपासमोर त्यांनीं सोळाव्या-सतराव्या शतकांतील जुनीं इंग्रजी लेखनें दिलीं आहेत. कारकुनाच्या कानावर नांव कसें पडलें हें त्यांवरून कळतें. कोश निघण्यापूर्वींच्या वर्षीं, ३० जून १९२२ रोजीं, डब्लिनचें सरकारी दप्तरखाना जळून १८२१ ते १८५१ च्या खानेसुमारीच्या मूळ याद्या बहुतांशीं नष्ट झाल्या. त्या मानानें असा संग्रह अमोल ठरतो. दोष असा कीं नोंदींस आधार दिलेले नाहींत. वाचकास ग्रंथकाराच्या शब्दावर विसंबावें लागतें. आणि आयरिश व इंग्रजी रूपें समोरासमोर मांडल्यामुळें तीं उलटसुलट सारखींच खरीं आहेत असा भ्रम होतो. मॅक् फिर्बिसचें फोर्ब्स झालें हें खरें. फोर्ब्स म्हणजे मॅक् फिर्बिस हें खोटें. व्याप्ति एका बाजूनेंच आहे. धुरावरून अग्नि सिद्ध होतो, अग्नीवरून धूर नव्हे. मॅक्लायसाट स्थळाची मर्यादा पदोपदीं घालतात, ही त्यांची सुधारणा होय. तथापि लहान कोशांत त्यांनाही एका ओळींत निकाल द्यावा लागतो.

ओ'मुरीले यांचा ग्रंथ या सर्वांहून निराळ्या पायरीचा आहे. १८६१ सालीं छापलेल्या व्याख्यानांत यूजीन ओ'करी यांनीं डुअल्टाख मृत्युसमयीं ऐशीं वर्षांवर होता असें लिहिलें, आणि शतकाहून अधिक काळ तें निमूटपणें उतरवून घेतलें गेलें. ओ'मुरीले यांनीं जन्म १६०० च्या सुमारास धरून तो हिशेब बदलला. १६७१ सालीं डूनफ्लिन येथें झालेल्या त्याच्या खुनाभोंवतीं जमलेली दंतकथा आणि समकालीन पुरावा हीं वेगवेगळीं तोलण्याची शिस्तही या अभ्यासानेंच लावली. पुढें २००३ सालीं त्यांनीं ‘वंशावळींचा ग्रंथ’ पांच खंडांत सानुवाद व सूचीसह छापला. मूळ रचनेपासून छापील प्रतीपर्यंत ३५३ वर्षें गेलीं. उणीव म्हणावयाची तर एवढीच, कीं ग्रंथाचा विषय पूर्वज, चरित्र व विद्या हा आहे. डुअल्टाखानंतर नांवाचें काय झालें हा शोध दुसऱ्या कोणीं हातीं घ्यावयास पाहिजे.

त्यास साधनें आहेत. १६५९ च्या सुमाराची व १९३९ सालीं पेंडर यांनीं छापलेली महालवार यादी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची ग्रिफिथची जमीन-आकारणी, आणि १९०१ व १९११ च्या खानेसुमारीचीं घरवार पत्रकें, अशी ही सांखळी आहे. टायरेरांतील एकाच गांवीं फर्बिसीपासून फोर्ब्सपर्यंत जागा न सोडतां वहिवाट दिसली, तरच त्या कुटुंबास लेकानचें म्हणतां येईल. परगण्याचा आंकडा येथें निरुपयोगी. गांवाचें नांव पाहिजे.

सारांश, गणती ‘कोठें किती’ हें सांगते, कोश ‘काय असूं शकेल’ हें सांगतो, आणि ‘कोण’ हें केवळ मूळ भाषेंतील लेख सांगतो. या घराण्याचा वंश आज निःसंशय सांगतां येतो तो त्यानें स्वतः आपल्या पोथींत आपलें नांव, गांव व पितृनाम लिहून ठेवलें म्हणून. पोथी उतरवितांना वा विकत घेतांना जे संग्राहक मूळ संहिता जपतात आणि शेवटच्या पानावरील लेखकाचा मजकूर निरुपयोगी म्हणून सोडून देतात, त्यांनीं यावरून बोध घ्यावा. संहितेची दुसरी प्रत मिळूं शकते. लेखकाच्या घराण्याचा तो मजकूर बहुधा त्या एकाच पानावर असतो.