जर्सी कोणी घालावी?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारलं, "जन्मभर कांट शिकवलात, आणि आता सायकलवाल्यांच्या कपड्यांवर बोलणार?" आमचं म्हणणं एवढंच, की एखाद्या साध्या गोष्टीवरून माणसं एकमेकांना हसू लागली, की तिथे मूल्यांचा काहीतरी तंटा आहे असं समजावं. तंटा असला की आमच्या विषयाला काम मिळतंच.

तंटा असा आहे. ब्रिटन, फ्रान्स, इटली, बेल्जियम या देशांत रविवारी सकाळी हजारो हौशी सायकलस्वार रस्त्यावर येतात. कोणी शिक्षक असतो, कोणी दंतवैद्य, कोणी निवृत्त कारकून. त्यांतल्या पुष्कळांच्या अंगावर जर्सी असते ती मात्र टूर द फ्रान्समध्ये धावणाऱ्या एखाद्या व्यावसायिक संघाची, प्रायोजकांच्या नावांसकट. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरही हे दृश्य आता नवं नाही. आणि त्याच रस्त्यावरची जुनी, मुरलेली मंडळी या जर्सीवाल्यांकडे बघून नाक मुरडतात. त्यांचा संकेत असा, की संघाचे कपडे संघातल्या माणसांनीच घालावेत. वेलोमिनाटी नावाच्या सायकलप्रेमींच्या गटाने तर असे नियमच लिहून काढले, निम्मे थट्टेने आणि निम्मे मनापासून. पुढे त्यांचं पुस्तकही निघालं.

आता हा संकेत बरोबर आहे का, हे आपण तपासू. त्यामागे तीन आक्षेप आहेत. ते एकमेकांत मिसळून बोलले जातात म्हणून गोंधळ होतो. पहिला, हे सोंग आहे. दुसरा, हा न कमावलेला मान आहे. तिसरा, ही स्वतःच्या पैशाने केलेली दुसऱ्याची जाहिरात आहे. एकेक घेऊ.

सोंगाचा आक्षेप सगळ्यांत दुबळा, म्हणून तो लवकर उरकू. वेश फसवा केव्हा ठरतो? त्या वेशावर विसंबून कोणी काही करणार असेल तेव्हा. पोलिसाचा गणवेश भलत्याने घातला तर गुन्हा होतो, कारण लोक त्या गणवेशाच्या भरवशावर दार उघडतात, गाडी थांबवतात. पोस्टमनच्या वेशाचंही तेच. पण अमेरिकेच्या पोस्ट खात्याने सायकलसंघ पुरस्कृत केला होता, त्या संघाची जर्सी घालून एखादा पन्नाशीचा गृहस्थ चढ चढू लागला, तर त्याला कोणी आपलं पत्र देणार नाही, आणि हा आता फ्रान्सला शर्यतीसाठी निघालाय असंही कोणाला वाटणार नाही. फसणारं कोणी नाही, तर फसवणूक नाही.

मग हाच आक्षेप सायकलिंगमध्ये इतका का टोचतो? क्रिकेटमध्ये टोचत नाही. भारतीय संघाचा निळा शर्ट घालून लाखो लोक सामना बघतात, आणि कोणी विचारत नाही की तू किती धावा केल्यास. फरक असा, की तिथे शर्ट घालणारा बहुधा प्रेक्षक असतो. सायकलिंगमध्ये शर्ट घालणारा स्वतः सायकल चालवत असतो, आणि तीही त्याच रस्त्यावर. लॉर्ड्सवर जाऊन आपल्याला चार षटकं टाकता येत नाहीत. पण आल्प द्युएझचा रस्ता सार्वजनिक आहे. त्याच्या २१ वळणांवर तिथे जिंकलेल्या सायकलपटूंची नावं लावलेली आहेत, आणि त्या पाट्यांखालून कोणीही धापा टाकत जाऊ शकतो. १९९३पासून तर 'एताप द्यु टूर' नावाचा उपक्रम चालतो. त्यात टूर द फ्रान्सचा एक टप्पा हौशी लोकांसाठी वाहतूक बंद करून खुला केला जातो. म्हणजे या खेळात चाहता आणि खेळाडू यांच्यामध्ये कुंपणच नाही. कुंपण नाही म्हणून कपड्यांचं कुंपण घालायची इच्छा होते. आम्हांला वाटतं, या संकेताचं मूळ इथे आहे.

आता दुसरा आक्षेप, मानाचा. इथे जरा थांबू या, कारण हा आक्षेप निम्मा खरा आहे. कुठला निम्मा, ते पाहायला हवं.

सायकलिंगमध्ये जर्सी दोन जातींच्या असतात. एक जिंकून मिळते, दुसरी नोकरीने मिळते. १९२७मध्ये व्यावसायिकांची जागतिक रस्ता-स्पर्धा सुरू झाली, ती इटलीच्या अल्फ्रेदो बिंदाने जिंकली. जगज्जेत्याची जर्सी पांढरी असते, तिच्यावर निळा, लाल, काळा, पिवळा आणि हिरवा असे पट्टे असतात. जिंकणाऱ्याने ती वर्षभर घालायची. पुढे पराभूत झाला, तरी बाहीच्या आणि गळ्याच्या काठावर ते रंग ठेवायचा त्याला हक्क राहतो. टूरची पिवळी जर्सी तशीच. ती १९१९मध्ये आली, आणि पहिल्यांदा ओझेन क्रिस्तोफ याच्या अंगावर चढली.

कोणी म्हणेल, तुम्ही हिला पवित्र काय म्हणता? ही तर जाहिरातच. टूर सुरू केली 'लोतो' या वृत्तपत्राने, १९०३ साली, खप वाढावा म्हणून. त्याचा कागद पिवळा, म्हणून जर्सी पिवळी. इटलीच्या 'गॅझेटा'चा कागद गुलाबी, म्हणून १९३१पासून जिरो द'इटालियाची जर्सी गुलाबी. हे खरंच आहे. पण एखाद्या चिन्हाचा उगम कुठे झाला यावरून त्याचा अर्थ ठरत नाही. त्या चिन्हाखाली माणसांनी काय केलं, यावरून ठरतो. त्या १९१९च्या टूरमध्ये क्रिस्तोफ पिवळ्या जर्सीत पुढे होता, आणि शर्यत संपत आली असताना त्याच्या सायकलचा फोर्क मोडला. नियम असा, की दुरुस्ती स्वतः करायची. त्याने ती केली. तासाहून जास्त वेळ गेला आणि टूरही गेली. १९१३मध्येही तूरमाले घाटात त्याचा फोर्क असाच मोडला होता. तेव्हा मैलोन् मैल पायी उतरून त्याने लोहाराच्या भट्टीवर तो जोडला होता. पिवळ्या रंगाला जे वजन आलं ते अशा माणसांमुळे आलं, कागदाच्या रंगामुळे नाही.

म्हणून जिंकून मिळणाऱ्या जर्सीबद्दल आमचं मत जुन्या मंडळींसारखंच आहे: ती घालू नये. फसवणूक होते म्हणून नव्हे. त्या जर्सीचा सगळा अर्थ म्हणजे एक घडलेली घटना, "याने ही शर्यत जिंकली". घटना वजा केली की त्या कपड्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. लहान मुलाने ती घातली तर आपल्याला गंमत वाटते, कारण मूल खेळत असतं आणि खेळतोय हे त्याला ठाऊक असतं. मोठ्यांनीही त्याच भावनेने घातली तर आम्ही वाद घालणार नाही.

पण संघाच्या जर्सीचं काय? ती काही मान म्हणून मिळत नाही. तिथे एक करार असतो. करार आहे तोवर घालायची, करार संपला की उतरवायची आणि दुसऱ्या कंपनीची चढवायची. एडी मर्क्सने आधी फाएमाची घातली, म्हणजे कॉफीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची. मग मोल्तेनीची, म्हणजे मांसाचे पदार्थ विकणाऱ्या कंपनीची. तो एवढा थोर होऊन गेला तो काही सॉसेजमुळे नव्हे. "तू ही कमावलीस का?" हा प्रश्न इंद्रधनुषी जर्सीला विचारणं योग्य आहे. संघाच्या जर्सीला तो लागूच पडत नाही. नाक मुरडणाऱ्यांची चूक इथे होते: नोकरीच्या गणवेशाला ते मानचिन्ह समजतात.

आणि ही चूक निरुपद्रवी नाही. ब्रिटनमध्ये लायक्रा घालणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांसाठी 'मामिल' असा एक शब्द रूढ झाला. वरवर विनोद. पण त्यात सुटलेलं पोट, वय, उशिरा सुरुवात करणं, या सगळ्यांची टिंगल आहे. चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून सायकल घेतलेल्या माणसाला पहिल्याच रविवारी हे हसू ऐकू आलं, तर दुसऱ्या रविवारी तो येणार नाही. मराठीत आपण या माणसाला 'हौशी' म्हणतो. 'अमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधला प्रेम करणारा आहे. हौस ही पात्रतेची परीक्षा देऊन मिळवायची गोष्ट नाही. ज्याच्या प्रेमावर हा खेळ जगतो, त्यालाच दारात अडवायचं, हा अन्याय आहे.

आता तिसरा आक्षेप. व्यावसायिकाला छातीवर नाव मिरवायचे पैसे मिळतात. हौशी माणूस तेच नाव मिरवायला पैसे मोजतो. रस्त्यावरच्या होर्डिंगनेच जाहिरातदाराला भाडं द्यावं, तसं हे झालं. आक्षेप चटकदार आहे, पण अपुरा आहे. टूरचे संस्थापक आंरी देग्रांज यांना कंपन्यांच्या संघांचा वीट आला, तेव्हा १९३०पासून त्यांनी राष्ट्रीय संघ आणले. ते १९६१पर्यंत चालले, आणि १९६२मध्ये कंपन्या परत आल्या. दरम्यान १९५४मध्ये इटलीच्या फिओरेन्झो माग्नीने निव्हिया क्रीमचं प्रायोजकत्व आणलं होतं. सायकलशी काडीचा संबंध नसलेल्या मालाला वाट मिळाली होती. तेव्हापासून या खेळाची सगळी दृश्य स्मृतीच जाहिरातींनी बनलेली आहे. १९८४मध्ये 'ला व्ही क्लेर' हा संघ आला. त्याच्या जर्सीवर मोंद्रिआनच्या चित्रांसारखे लाल, निळे, पिवळे चौकोन होते. त्या संघाच्या बर्नार इनोने १९८५ची टूर जिंकली, ग्रेग लेमाँडने १९८६ची. आज ती जर्सी घालणारा माणूस आरोग्यदायी खाद्यपदार्थांची जाहिरात करत नसतो. तो एक काळ अंगावर घेत असतो. जाहिरातीवर प्रेमाचा थर चढला, की ती निव्वळ जाहिरात राहत नाही.

मग काय, सगळंच माफ? नाही. आमचा खरा मुद्दा आता येतो.

व्यावसायिक सायकलपटू छातीवरचं नाव निवडत नाही. तो संघ निवडतो, तोही पर्याय असला तर. नाव त्याबरोबर येतं. पोट आहे, करार आहे, उद्या दुखापत झाली तर काय ही चिंता आहे. त्याला आपण त्या नावाबद्दल फार जाब विचारू शकत नाही. हौशी माणसावर मात्र कसलंच बंधन नाही. दुकानात शंभर जर्सी टांगलेल्या असतात, साध्याही असतात. तो आपल्या मर्जीने एक उचलतो. ज्याची निवड मोकळी, त्याची जबाबदारी जास्त, हे तर कांट शिकणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. म्हणजे गंमत बघा: संघाची जर्सी घालायचा हौशी माणसाचा हक्क आपण मान्य केला, आणि त्याच क्षणी तिच्यावरच्या नावाचं उत्तरदायित्व व्यावसायिकापेक्षा त्याच्याकडे जास्त आलं.

हे नुसतं तर्कट नाही. १९९८मध्ये घड्याळांच्या फेस्टिना कंपनीचा संघ उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात टूरमधून बाहेर काढला गेला. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सातही विजेतेपदं २०१२मध्ये काढून घेतली गेली. ज्यांनी त्या संघाच्या जर्सी हौसेने घेतल्या होत्या, त्यांच्या कपाटात त्या तशाच होत्या. कपडा तोच, अर्थ बदललेला. आज काही संघांच्या छातीवर तर कंपनीऐवजी देशांचीच नावं आहेत: संयुक्त अरब अमिराती, बहारीन. २०२५मध्ये स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत गाझाच्या प्रश्नावरून निदर्शनं झाली, आणि इस्राएलचं नाव असलेल्या संघाने शर्यत चालू असतानाच जर्सीवरून देशाचं नाव उतरवलं. माद्रिदमधला शेवटचा टप्पा पूर्ण होऊच शकला नाही. त्या प्रश्नात कोणाची बाजू घ्यावी हा आजचा विषय नाही. पण छातीवरचं नाव म्हणजे "नुसता कपडा" नव्हे, हे त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मान्य केलं, एवढं आपण टिपून ठेवू.

यावर एक रास्त शंका येईल. शर्ट घ्यायच्या आधी माणसाने काय कंपनीचे ताळेबंद वाचायचे? तसं नव्हे. न कळलेल्याचा दोष कोणी देत नाही. पण कळल्यावर "अहो, शर्टच तर आहे" असं म्हणता येणार नाही. शर्टच हवा होता तर साधा मिळत होता, आणि स्वस्तही मिळत होता. हा घेतला तो नावासाठी, रंगांसाठी, त्यांच्यामागच्या माणसांसाठी. जर्सीला अर्थ आहे म्हणून ती घ्यायची, आणि तो अर्थ अडचणीचा झाला की ती निरर्थक आहे म्हणायचं, ही पळवाट झाली. एखाद्याने विचार करून, सगळं जाणून, तरीही ती घातली, तर त्याच्याशी मतभेद होऊ शकतो, पण त्याला हसता येणार नाही.

गावातल्या सायकल क्लबच्या जर्सीबद्दल बरेच जण विचारतात. ती उत्तमच. तिच्यावरचं नाव म्हणजे पंक्चर झाल्यावर तुमच्यासाठी थांबणारी माणसं. पण ज्याला अजून क्लब मिळाला नाही, त्याने तोवर काय घालावं हे क्लबवाल्यांनी ठरवू नये.

तेव्हा थोडक्यात: जिंकून मिळणारी जर्सी जिंकणाऱ्यांसाठी ठेवावी. संघाची जर्सी ज्याला आवडेल त्याने खुशाल घालावी, कोणत्याही वयात, कोणत्याही अंगकाठीवर, कितीही सावकाश चालवत असला तरी. "तू हिच्या लायकीचा आहेस का" हा प्रश्न त्याला कोणी विचारू नये. "हे नाव मला माझ्या छातीवर चालेल का" हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा, आणि अधूनमधून पुन्हा विचारावा, कारण नावांचे अर्थ बदलत राहतात.

प्रश्नांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत. मागच्या रांगेत एक गृहस्थ जर्सी घालूनच बसले आहेत. पहिला प्रश्न विचारायचा हक्क त्यांचा.