‘अपुरा पुरावा’ : एका आरोग्यविषयक अहवालाची भाषा

अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेने दमट घरे व आरोग्य यांविषयीचा आपला अहवाल २००४ साली प्रसिद्ध केला. घरातील ओल व बुरशी यांचा खोकला, छातीतील घरघर आणि दमेकऱ्यांची लक्षणे यांच्याशी असलेला संबंध त्यात पुरेशा पुराव्याने समर्थित मानला आहे. मज्जासंस्था व मन यांविषयीची लक्षणे मात्र ‘अपुऱ्या पुराव्या’च्या श्रेणीत ठेविली आहेत. त्या वेळी उपलब्ध असलेल्या संशोधनाच्या मर्यादेत हा निर्णय योग्यच होता. तथापि त्याची शब्दयोजना चिकित्सेस पात्र आहे.

‘परिणाम होतो हे सिद्ध झालेले नाही’ आणि ‘परिणाम होत नाही हे सिद्ध झाले आहे’ या दोन वाक्यांत नकाराची व्याप्ती भिन्न आहे. पहिल्यात नकार सिद्धीचा आहे, दुसऱ्यात परिणामाचा. अहवाल केवळ पहिले विधान करतो. परंतु घाईच्या वाचनात त्याचे दुसरे होते, आणि ओलीच्या घरात राहून विस्मरणाची तक्रार करणारा मनुष्य भ्रमिष्ट ठरतो.

हा दोष सर्वस्वी वाचकाचा नव्हे. अभ्यास झाले परंतु ते सदोष वा परस्परविरोधी निघाले, ही एक स्थिती; अभ्यासच झाले नाहीत, ही दुसरी. अहवालाच्या व्याख्येत या दोहोंना एकच नाव आहे. शोधूनही न सापडणे आणि न शोधणे यांतील भेद त्यायोगे पुसला जातो.

‘विषारी बुरशी’ हा लोकप्रिय शब्दप्रयोग याच्या उलट टोकाला जातो. स्टॅकिबोट्रिस या काळ्या बुरशीचे बीजाणू उंदरांच्या नाकावाटे देऊन केलेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात विष काढून टाकलेल्या बीजाणूंमुळेही मेंदूतील प्रतिकारयंत्रणा जागृत झाल्याचे व स्मृतीत दोष आल्याचे आढळले. म्हणजे ‘विषारी’ हे विशेषण कारण सांगण्याचा आव आणते, परंतु कारण त्याच्या कक्षेबाहेरही असू शकते. अर्थात उंदरांवरून मनुष्याविषयी थेट अनुमान काढणे हेही अशास्त्रीय होय. युरोपातील आठ शहरांच्या पाहणीवर आधारलेल्या २००७ सालच्या अभ्यासात ओलीची घरे व विषण्णता यांचा संबंध दिसला. पण त्याचा काही अंश शारीरिक आजार आणि घरावर आपला ताबा उरला नाही ही भावना यांनी स्पष्ट होतो, असेही आढळले. येथे ओलीचा मार्ग केवळ श्वासातून जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली बुरशीची सुरक्षित मर्यादा आकड्यांत देण्याचे टाळले, आणि तरीही ओल हटविण्याची शिफारस केली. अनिश्चित ज्ञान आणि निश्चित कर्तव्य ही एकाच विधानात नांदू शकतात, हे त्या शब्दयोजनेने दाखविले. २००४ च्या अहवालातील श्रेणीला नेमकी हीच सोय नाही. ज्ञानाची उणीव जेथे नोंदवावयाची, तेथे ती कोणत्या प्रकारची आहे हे सांगणे ही भाषेची केवळ शोभा नसून शास्त्राची जबाबदारी होय.