'बंडखोर' शब्दाची पंगत

फराळाच्या वेळी व्याकरण काढणे ही आम्हा मास्तरांची जुनी सवय. रसिक वाचकांनी ती पोटात घालावी. शिवाय मी ज्या शब्दाविषयी लिहितो आहे, त्यात खाणे आहेच. 'बंडखोर' मधला 'खोर' फारसी. त्याचा अर्थ खाणारा. लाच खातो तो लाचखोर, व्याज खातो तो व्याजखोर. पुढे खाण्याचा अर्थ झिजला आणि वाईट खोड एवढाच उरला : भांडखोर, दंगेखोर. अशा पंगतीत आपण बंडखोराचे पान मांडले आहे, आणि त्याच्या शेजारी बसला आहे दरोडेखोर!

हा शेजार नुसता व्याकरणातला नाही. आमच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगऱ्यांनी सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. इंग्रजांच्या लेखी ते दरोडेखोर. आमच्या लेखी क्रांतिवीर. प्रत्यय तोच ठेवून मागचे नाव बदलले की माणसाची अब्रू बदलते.

फ्रेंचांचा 'रबेल' हा शब्द पाहा. आपल्या शब्दासारखाच तो नाम आणि विशेषण दोन्ही होतो, आणि लिंगाने बदलत नाही. आपणही बंडखोर मुलगा म्हणतो, तशीच बंडखोर मुलगी. पण त्याचे मूळ लॅटिन : 'रे' म्हणजे पुन्हा, 'बेल्लुम' म्हणजे युद्ध. हरल्यावर जो पुन्हा लढायला उभा राहतो, तो. तिथे खोड नाही. झालेला पराभव आहे.

आपली समीक्षा मात्र हा शब्द पानसुपारीसारखा वाटते. छंद मोडला, कवी बंडखोर! शिवी छापली, कथा बंडखोर! अकोले तालुक्यातल्याच धामणगावच्या दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यावरही हीच चिठ्ठी डकवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या पुस्तकाचे बळ चढ्या आवाजात नाही. त्यात दगडू आणि दया ही एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर येतात. गावाने वाट्याला दिलेल्या जिण्याचा हिशेब मांडला जातो, आणि मांडणारा स्वतःलाही सोडत नाही.

म्हणून टीकाकारांना माझे एवढेच सांगणे : कोणाला बंडखोर म्हणण्याआधी, तो कोणाशी लढला आणि त्यात त्याचे काय गेले, हे वाचकाला सांगा. ते सांगता आले, तर विशेषणाची गरजही फारशी उरत नाही.