भवाड्याची सोंगे आणि त्यांचे कारागीर

सुरगाण्याकडच्या भवाड्याबद्दल शहरात जे लिहिले जाते, ते बहुधा मुखवट्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. फोटो मुखवट्याचा निघतो, प्रदर्शनात मुखवटा मांडतात, हौशी माणूस दिवाणखान्यात मुखवटाच टांगतो. भवाडा मात्र एकट्या मुखवट्यावर कधी उभा राहिला नाही. होळीनंतर पावसाळ्याच्या आत, शेतीची कामे थंडावलेली असताना, सुरगाणा, पेठ आणि पलीकडच्या डांगातल्या कोकणा-वारली गावांत रात्र रात्र सोंगे निघतात. जव्हार-मोखाड्याकडे यालाच बोहाडा म्हणतात. आधी गणपती आणि सरस्वती, मग देव, दैत्य, रावण, नरसिंह, वेताळ, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी देवी व महिषासुराची झुंज. या एकेका सोंगामागे किती हात लागतात हे मोजायला कोणी बसत नाही.

रावणाचेच घ्या. दहा तोंडांचा तो पसारा माणसाच्या डोक्या-खांद्यावर तोलायचा तर मागे हलका, पण न वाकणारा सांगाडा हवा. तिथे बांबू जाणणारा माणूस लागतो. तोंडे घडवणारा वेगळा. जुने मुखवटे हलक्या लाकडाचे असत. पुढे मातीच्या साच्यावर कागद आणि खळ चढवून केलेले लगद्याचे मुखवटे आले. कपडे शिवणारा वेगळा, टेंभे पेटते ठेवणारा वेगळा. सांबळ आणि पिपाणीवाले नसतील तर यातले काहीच हलत नाही, कारण सोंगागणिक चाल बदलते आणि नाचणाऱ्याला मुखवट्याच्या भोकांतून धड दिसतही नसते. तो कानाने चालतो. म्हणून मुखवट्याची पारख करायची तर तो भिंतीवर कसा दिसतो हे गौण आहे. वजन किती, श्वास कुठून येतो, मान वळवली की तो सरकतो का, हे आधी पाहायला हवे. आपल्या समीक्षेत हे प्रश्न जवळपास येतच नाहीत.

कोणत्या कारागिराला खेळात किती महत्त्व द्यायचे, या प्रश्नावर सर्वांत उघड डोकेफोड कोणी केली असेल, तर संगणकावर हजारो लोक एकत्र खेळतात ते खेळ बनवणाऱ्यांनी. २००४ साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका पात्राला दोनच मुख्य व्यवसाय घेता येतात. लोहारकाम घेतले आणि खाणकाम घेतले, की कातड्याच्या चिलखतासाठी दुसऱ्याचे दार ठोठावावे लागते. परावलंबन मुद्दाम पेरलेले. पण त्याच खेळात मोठा राक्षस पाडल्यावर हाती येणारे चिलखत पुष्कळदा लोहाराच्या चिलखताहून सरस निघते, आणि लोहार मागे पडतो. २००३ सालच्या स्टार वॉर्स गॅलेक्सीजने याहून धाडसी वाट धरली होती. तिथे बहुतेक चांगल्या वस्तू खेळाडूंनीच बनवायच्या आणि त्या वापराने झिजायच्या. झीज होती म्हणून गिऱ्हाईक परत येत होते. २००५ च्या अखेरीस कंपनीने तीसहून अधिक व्यवसायांचे नऊ केले आणि लढाईवर भर दिला. कारागिरीसाठी आलेली मंडळी चिडून निघून गेली. २०११ मध्ये तो खेळ बंद पडला. त्याला कारणे आणखीही होती, पण कारागिरांचा राग त्यातले लहान कारण नव्हते.

भवाड्यात ही झीज कोणी ठरवून घातली नव्हती, ती हवेतच होती. सुरगाण्याचा पाऊस दांडगा. घराच्या आढ्याला टांगलेला कागदी मुखवटा चार महिने ओल खातो, वाळवी आणि उंदीर आपला वाटा घेतात. पुढच्या खेपेला रंग द्यावा लागतो, कान-नाक बसवावे लागते, कधी अख्खे तोंड नव्याने करावे लागते. या दुरुस्तीतच नवा पोरगा हात बसवतो; पहिल्याच दिवशी कोणी नरसिंह घडवत नाही. फायबरचा मुखवटा याच जागी घाव घालतो. तो हलका आहे, भिजत नाही, नाचणाऱ्याला सोयीचा आहे, आणि त्याला नाके मुरडण्याचा अधिकार तो न घालणाऱ्या आपल्याला नाही. पण तो एकदा आला की पुढची कित्येक वर्षे कारागिराकडे काम जात नाही.

यावर उपाय म्हणून पर्यटकांसाठी लहान मुखवटे करून विकायचे, असे सांगितले जाते. कारागिराची चूल त्यावर पेटत असेल तर उत्तमच. तरी एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी: वीतभर मुखवट्याला डोळ्यांची भोके नेमकी कुठे हवीत हे कळण्याची गरज नसते. पिढी दोन पिढ्या फक्त असेच मुखवटे झाले, तर हात सफाईदार राहील, पण माणसाच्या तोंडाचे माप विसरेल. शिवाय या बाजारात बांबूवाल्याला, शिंप्याला, सांबळवाल्याला जागाच नाही. वाजंत्र्यांच्या जागी डीजे आला की सोंगाची चालच जाते. उरतो तो मुखवटा घातलेला एक माणूस, कुठल्याही गाण्यावर उड्या मारणारा.

वेळेचाही प्रश्न आहेच. द्राक्षांच्या हंगामात इथली कितीतरी माणसे दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला असतात. जे हात लगदा कालवायचे, ते तेव्हा घड खुडत असतात. कलेवर बोलणारे लोक मजुरीवर बोलत नाहीत, हा आपल्याकडचा जुनाच दोष.

माझे मत असे की भवाड्याची आजची तब्येत मुखवट्यांच्या संख्येवरून ठरवू नये. मुखवटे वाढतही असतील. गावात सोंग दुरुस्त करणारा, सांगाडा बांधणारा आणि चाल वाजवणारा शिल्लक आहे का, हे विचारावे. गावच्या पंचांना आणि वर्गणी देणाऱ्यांना विनंती एवढीच: फायबर घ्यायचे तर घ्या, पण दर वर्षी निदान एक सोंग गावच्या हाताने नवे करवून घ्या, आणि सांबळवाल्याची बिदागी मांडवाच्या दिव्यांआधी ठरवा.