आवाज बदलला, शब्द कुठे आहे?

१४ एप्रिल असो वा १ ऑगस्ट, सातारा-सांगलीकडे जयंतीची मिरवणूक आता डीजेवर निघते. ढोलकी-तुणतुण्याचा जलसा गेला तशी चळवळही गेली, अशी वडीलधाऱ्यांची तक्रार आहे. मला ती अर्धीच पटते. बाज तर वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनीही बदलला. अमर शेख, गवाणकरांसह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारताना त्यांनी तमाशाच्या गणातला गणपती वगळून मायभूमीला वंदन केले, गवळणीला फाटा दिला. तरी श्रोता तुटला नाही. त्या शब्दांत गिरणी कामगाराला आपले जिणे ऐकू येत होते. पोरे नाचतात यात गैर काही नाही. पण परवा मिरवणुकीबरोबर मी मैलभर चाललो आणि एकही कडवे कळले नाही. माझे भांडण वाद्याशी नाही, या बुडालेल्या शब्दासाठी आहे.