बंडखोराला आकडे कोण विचारणार?

‘मी इंट्रोव्हर्ट आहे’ असं आपण बायोमध्ये सहज लिहून टाकतो. शब्द युंगचा. पण हा गुण प्रश्नावलीनं मोजता येतो, ही कल्पना रुजवण्यात हान्स आयझेंकचा वाटा मोठा. १९१६ साली बर्लिनमध्ये जन्मलेला हा माणूस नाझी राजवटीत देश सोडून लंडनला आला आणि १९९७मध्ये वारला तेव्हा जगातल्या सर्वाधिक उद्धृत मानसशास्त्रज्ञांपैकी एक होता.

त्याच्या आत्मचरित्राचं नाव ‘रेबेल विथ अ कॉज’. हेतू असलेला बंडखोर. माझं भांडण या नावाशीच आहे.

१९५२ साली हे बंड खरं होतं. न्यूरोटिक रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश उपचारांविनाही दोन वर्षांत सुधारतात, मग तुमच्या मनोविश्लेषणानं नेमकं काय साधलं, असं त्यानं विचारलं. त्याचे आकडे वादग्रस्त ठरले, पण प्रश्न रास्त होता. १९७१मध्ये त्यानं वंश आणि बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिलं. दोन वर्षांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये भाषणाच्या वेळी त्याच्यावर हल्ला झाला. हल्ला निंद्यच. पण मार खाल्ल्यानं युक्तिवाद बरोबर ठरत नाही.

पुढे रोनाल्ड ग्रॉसार्थ-माटिचेकसोबत त्यानं मांडलं की विशिष्ट स्वभावाच्या माणसांना कॅन्सर होतो. एका अभ्यासात ६०० जणांना एक पत्रक वाचायला दिलं. १३ वर्षांत त्यांच्यातले ३२ टक्के वारले. पत्रक न मिळालेल्यांतले ८२ टक्के. एका पत्रकानं एवढी माणसं वाचतात? १९५२च्या आयझेंकनं हे आकडे फाडून खाल्ले असते. या आयझेंकनं त्यांवर सही केली. त्याला तंबाखू कंपन्यांचे पैसे मिळत होते, हेही विसरू नका.

शंका १९९०च्या दशकातच छापून आल्या होत्या. तरी किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीनं २६ शोधनिबंध ‘असुरक्षित’ ठरवले ते २०१९मध्ये, अँथनी पेलोसी या मनोविकारतज्ज्ञानं पुन्हा पाठपुरावा केल्यावर. म्हणजे आयझेंकच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी.

इतका उशीर का? मला वाटतं, बंडखोराची प्रतिमा ढालीसारखी वापरता येते. प्रत्येक आक्षेप ‘प्रस्थापितांचा राग’ म्हणून झटकता येतो. किंमत मात्र दुसरेच मोजतात. आजारी माणसाला सांगितलं जातं, तुझा स्वभावच नडला.

‘लोक माझ्यावर तुटून पडतात, म्हणजे मी खरं बोलतोय’ असं म्हणणारा पुढच्या वेळी स्क्रीनवर दिसला, तर एवढंच विचारा: आकडे दाखव.