उशिरा सांगणे : फिर्याद आणि कथन

लैंगिक अत्याचाराचे कथन विलंबाने पुढे आले की त्याविषयी विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा घटनेविषयीचा नसतो. तो काळाविषयीचा असतो. इतकी वर्षे गप्प का? ऑक्टोबर २०१७ नंतर ‘मी टू’ या नावाखाली जी कथने सार्वजनिक झाली त्यांच्या संदर्भात हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला, की तो स्वयंसिद्ध वाटू लागला. वस्तुतः त्यामागे एक कथनसंकेत गृहीत धरलेला आहे. जिच्यावर खरोखर अत्याचार झाला ती तत्काळ बोलते, योग्य ठिकाणी बोलते आणि तिच्या बोलण्यात संदिग्धता नसते, असा हा संकेत. तो केवळ न्यायालयांचा नाही. साहित्याच्या वाचकांनी आणि समीक्षकांनीही तो नकळत पत्करलेला आहे.

सर मॅथ्यू हेल या इंग्रज न्यायाधीशाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये प्रसिद्ध झाला. बलात्काराचा आरोप करणे सोपे आणि त्यापासून बचाव करणे अवघड, हे त्यातील मत पुढे कित्येक पिढ्या कायद्याच्या वर्गांत पाठ केले गेले. स्त्रीने गुन्हा बराच काळ दडवून ठेवला तर तिचे कथन संशयास्पद ठरते, हेही त्याच मांडणीचे अंग होते. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ चा शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने ही धारणा अधिक संयत रूपात कलम ८ खालील एका उदाहरणात बसवली. ‘अ’वर बलात्कार झाला काय, हा प्रश्न आहे. घटनेनंतर लवकरच तिने फिर्याद केली, तर ती गोष्ट वर्तन म्हणून प्रस्तुत ठरते. फिर्याद न करता आपल्यावर बलात्कार झाल्याचे तिने नुसते सांगितले, तर ते या कलमाखाली वर्तन म्हणून प्रस्तुत ठरत नाही. मात्र मृत्युपूर्व जबानी किंवा पुष्टिकारक पुरावा म्हणून त्याचा विचार होऊ शकतो. (लगेच पुढचे उदाहरण लुटीचे असून त्याची रचना हुबेहूब हीच आहे. त्यामुळे या कलमाच्या शब्दांतच स्त्रीद्वेष शोधणाऱ्यांनी थोडे थांबावे.) साहित्याच्या अभ्यासकाला येथे महत्त्वाचा वाटावा असा भेद आहे तो फिर्याद आणि सांगणे यांमधला. फिर्यादीला पत्ता असतो, मागणी असते, मुदत असते. सांगण्याला यांपैकी काहीच असावे लागत नाही.

व्हर्जिनिया वुल्फ ही या स्टीफनची सख्खी पुतणी. १९३९ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तिने ‘अ स्केच ऑफ द पास्ट’ हे आठवणींचे लेखन सुरू केले. आईच्या पहिल्या विवाहापासूनचा भाऊ जेराल्ड डकवर्थ याने सेंट आइव्ह्झच्या घरात, आपण अगदी लहान असताना, आपल्या शरीराशी काय केले हे तिने तेथे नोंदवले. जेराल्ड १९३७ मध्ये मरण पावला होता. हे लेखन छापले गेले १९७६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी. काकाच्या उदाहरणाच्या चौकटीत पाहिले तर हे निव्वळ ‘सांगणे’ आहे. संशयवाद्याला आणखीही सामग्री येथे मिळेल : तिची पहिली कादंबरी ‘द व्हॉयेज आउट’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली ती याच जेराल्डच्या प्रकाशनसंस्थेकडून. ‘मग त्याच्याशी संबंध का ठेवले?’ हा आज परिचित झालेला आक्षेप तिच्यावरही घेता आला असता.

परंतु संहिता काळजीपूर्वक वाचली की वेगळेच काही हाती लागते. वुल्फ या प्रसंगाकडे येते ती आरोप करण्यासाठी नव्हे. आरशात पाहताना आपल्याला वाटणाऱ्या लाजेचे कारण ती शोधत असते, आणि त्या शोधात संभाव्य कारणांपैकी एक म्हणून हा प्रसंग वर येतो. तो पुरेसा आहे काय याविषयी ती स्वतःच साशंक आहे. आपल्याला तेव्हा जे वाटले ते आपल्या जन्माच्याही फार पूर्वीचे असावे, असा तर्क ती करते. नोंदींना तारखा घालून ती लिहिते आहे, म्हणजे लिहिण्याचा काळ तिने वाचकापासून लपवलेला नाही. विलंब येथे आशयाचाच घटक आहे, आणि संशय बाहेरून आणावा लागत नाही. तो निवेदिकेने आधीच आत घेतलेला आहे. संशय हे आपलेच वतन आहे असे मानणाऱ्या वाचकाने ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

विलंबामुळे पुरावा दुबळा होतो, हे मात्र नाकारता येत नाही. स्मृती बदलते, साक्षीदार मरतात, आरोपीला तो दिवस कोठे घालवला हे सिद्ध करता येत नाही. जेराल्डला उत्तर देण्याची संधी मिळालीच नाही. लुईझ डिसाल्व्हो यांनी १९८९ मध्ये वुल्फचे समग्र जीवन आणि लेखन बालपणीच्या लैंगिक अत्याचाराच्या सूत्रात बसवले, तेव्हा संहितेत जे अनिश्चित होते ते निश्चित झाले. हर्मायनी ली यांच्या १९९६ च्या चरित्रातील सावधपणा मला त्यामुळे अधिक विश्वसनीय वाटतो. पण पुराव्यावर विलंबाचा परिणाम होतो असे म्हणणे निराळे आणि विलंब हाच खोटेपणाचा पुरावा मानणे निराळे. पहिल्यात चिकित्सा आहे. दुसऱ्यात केवळ हेलचा वारसा आहे.

मराठीत हा प्रश्न सर्वाधिक धारदारपणे आला तो १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये, असे माझे मत आहे. मामाचे प्रकरण अभिरूप न्यायालयात प्रथम येते ते कर्णिकच्या तोंडून, आणि तेही बेणारेच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा म्हणून. त्या वेळी ती जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची. नाटक रंगभूमीवर आले त्या काळच्या दंडविधानानुसारही सोळा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य नव्हती. तरी सुखात्मे किंवा काशीकर यांच्यापैकी कोणाच्याही मनात मामाला आरोपी करण्याचा विचार येत नाही. स्वतः बेणारेजवळ त्यासाठी ‘पाप’ आणि ‘प्रेम’ एवढेच शब्द आहेत. तिचे जे घडले त्याला अत्याचार म्हणणे हे आपले, उत्तरकालीन वाचन आहे, याचे भान सुटता कामा नये. पण फिर्यादीची भाषाच उपलब्ध नसेल तर फिर्यादीला झालेला उशीर मोजायचा कोठून? काशीकर तिला दहा सेकंद देतात. तिचे प्रदीर्घ स्वगत चालू असताना बाकीची पात्रे निश्चल असतात, आणि ते संपल्यावर वेळ संपली, आरोपीला काहीही सांगायचे नाही, अशी नोंद होते. तेंडुलकरांनी हे नाट्यतंत्राच्या सोयीसाठी केले असे मानणारे वाचन मला अपुरे वाटते. जे सांगितले गेले ते कार्यवाहीत उमटतच नाही, हा त्या दृश्याचा अर्थ आहे.

बेणारे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलते, हा योगायोग नव्हे. पत्रकार प्रिया रमाणी यांनी १९९३ मधील प्रसंगाबाबत २०१८ मध्ये एम. जे. अकबर यांचे नाव घेतले, तेव्हा खटला उभा राहिला तो अब्रुनुकसानीचा, आणि आरोपी होत्या रमाणी. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. स्त्रीला आपले गाऱ्हाणे कोणत्याही व्यासपीठावर, दशकांनंतरही, मांडण्याचा अधिकार आहे असे त्या निकालात म्हटले आहे. त्याविरुद्ध पुढे दिल्ली उच्च न्यायालयात अपील झाले. सांगण्याला त्या निकालाने एक स्थान दिले, एवढे खरे. १ जुलै २०२४ पासून स्टीफनच्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. फिर्याद आणि सांगणे यांना वेगळे करणारे ते उदाहरण त्यातही, आता कलम ६ खाली, आहेच.